एकपात्री आणि बहुरूपी : पु. ल. देशपांडे

(खारघर येथील रसिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या तरुण पिढीला विनोद म्हटले की दोन चित्रे आठवतात. एकात हातात ध्वनिक्षेपक घेऊन एकटाच उभा राहिलेला तरुण असतो. दुसऱ्यात दूरचित्रवाणीच्या झगमगीत मंचावर पाहुण्यांना बोलते करणारा निवेदक असतो. पहिला यशस्वी झाला की यथावकाश दुसरा होतो, हा आता जणू रूढ क्रम झाला आहे. या दोन्ही गोष्टी अलीकडेच पश्चिमेकडून आल्या, असाही एक सार्वत्रिक समज आहे. हा समज किती तोकडा आहे, ते पाहायचे असेल तर पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांच्या जीवनाकडे पाहावे. एकट्याच्या बळावर सभागृह भरवणारा आणि भारतीय दूरचित्रवाणीच्या पहिल्या दिवसांत तिच्या पडद्यावर संवाद साधणारा हा माणूस अस्सल मराठी मातीतला होता. त्याने या दोन्ही माध्यमांना दिलेली शिकवण आज विस्मरणात जाऊ पाहते आहे, आणि चिंतेचा विषय तोच आहे.

परंपरेचा धागा

एका नटाने अनेकांची सोंगे वठवून श्रोत्यांना हसवावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात रूपकाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'भाण' हा एकाच पात्राचा प्रकार आहे. रंगमंचावर एकटा नट असतो. समोर नसलेल्या माणसांशी तो आकाशभाषिताने बोलतो, त्यांची उत्तरे आपणच ऐकल्यासारखे करतो आणि त्यातून अवघे नगर उभे करतो. महाराष्ट्रात संत एकनाथांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी अशी नाना रूपे घेतली आणि हसता हसता परमार्थ सांगितला. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, तेव्हा राजाही तोच असतो आणि सेवकही तोच. तमाशातला सोंगाड्या आणि दशावतारातला संकासुर यांनी तर प्रत्यक्ष सत्ताधीशांची टोपी उडवण्याचा अधिकार शतकानुशतके वापरला. पु. लं.च्या एकपात्री प्रयोगामागे हा सारा वारसा होता. त्यांनी त्याला विसाव्या शतकातल्या मध्यमवर्गीय माणसाचा चेहरा दिला.

उपनगराने घडवलेला मुलगा

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी येथे झाला. बालपणीची काही वर्षे जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत गेली आणि नंतर कुटुंब विलेपार्ले येथे राहावयास आले. मातामह वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत. हिंदू सणांच्या इतिहासाचा त्यांनी अभ्यास केला होता आणि रवींद्रनाथांची गीतांजली मराठीत आणली होती. घरात संगीत होते, पुस्तके होती आणि माणसांची वर्दळ होती. अगदी लहान वयात हा मुलगा भाषणे करू लागला, पेटी वाजवू लागला, पाहिलेल्या माणसांच्या लकबी उचलू लागला.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. त्या काळचे पार्ले हे आजच्यासारखे गजबजलेले उपनगर नव्हते. मुंबईच्या वेशीबाहेर नुकतीच वसू लागलेली ती एक शांत वसाहत होती. परंतु तेथील मंडळींनी घरे बांधली, तशाच संस्थाही बांधल्या. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. ग्रंथालय, व्याख्यानमाला, गणेशोत्सवातील मेळे, गाण्याच्या बैठका यांनी त्या वसाहतीला आत्मा मिळाला. पु. ल. हे त्या वातावरणाचे फळ होते. प्रतिभा जन्मजात असते हे खरे. पण तिला व्यासपीठ लागते, आणि ते व्यासपीठ शेजारीपाजारी मिळून उभारतात. सिडकोने आखलेल्या खारघरसारख्या वसाहतीतील नागरिकांनी पु. लं.चे चरित्र वाचताना हे पान दोनदा वाचावे.

अनेक वाटांचा प्रवासी

कायद्याची पदवी, फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन या महाविद्यालयांतील शिक्षण, कारकुनी, शाळेतील मास्तरकी, बेळगाव येथे आणि पुढे मुंबईत प्राध्यापकी अशी पु. लं.ची सुरुवातीची वर्षे गेली. १२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी रत्नागिरी येथे त्यांचा विवाह झाला. बेचाळीसच्या लढ्यात भाग घेतलेल्या सुनीताबाई पुढे त्यांच्या प्रत्येक प्रयोगाचा कणा झाल्या.

चित्रपटसृष्टीने त्यांना लवकरच ओढून घेतले. 'कुबेर', 'वंदे मातरम्', 'पुढचे पाऊल', 'देवबाप्पा' अशा चित्रपटांत त्यांनी कधी अभिनय केला, कधी लेखन केले, कधी संगीत दिले. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका हे सारे त्यांचेच होते. पं. भीमसेन जोशी यांनी त्या चित्रपटासाठी गायलेला अभंग आजही घराघरांत ऐकू येतो. चित्रपट गाजला, आणि नेमक्या त्याच वेळी पु. लं.नी त्या झगमगाटाकडे पाठ फिरवली. यश हातात असताना उठून जाण्याचे हे त्यांचे पहिले उदाहरण; ते शेवटचे नव्हते.

१९५५ मध्ये ते आकाशवाणीत दाखल झाले. 'अंमलदार', 'तुझे आहे तुजपाशी', 'सुंदर मी होणार' ही नाटके याच दशकातली. 'तुझे आहे तुजपाशी'मधील काकाजी आणि आचार्य यांच्या झगड्यात महाराष्ट्राने आपल्याच स्वभावाची दोन टोके पाहिली.

पडद्यावरचा पहिला संवाद

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. आकाशवाणी भवनातील तात्पुरती जागा, युनेस्कोचे साहाय्य, लहानसा प्रक्षेपक, आणि आठवड्यातून दोनच दिवस थोड्या वेळाचे कार्यक्रम, एवढीच तिची मिरास होती. दर्शकांच्या घरी संच नव्हतेच. दिल्लीतल्या ठिकठिकाणच्या मंडळांतून लोक एकत्र बसून कार्यक्रम पाहत. या सेवेचे पहिले निर्माते होण्याचा मान पु. ल. देशपांडे यांना मिळाला. त्यासाठी ते बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आले होते. त्या प्रवासाचे वर्णन असलेले 'अपूर्वाई' हे पुस्तक पुढे मराठी प्रवासवर्णनाचा मानदंड ठरले.

भारतीय दूरचित्रवाणीवर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची पहिली मुलाखत घेतली ती पु. लं.नीच. विचार करावा असा हा प्रसंग आहे. समोर देशाचा सर्वोच्च नेता, माध्यम सर्वांनाच अपरिचित, पूर्वी कोणी घालून दिलेला पायंडा नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती यंत्राची माहिती नव्हे. माणसाशी माणसासारखे बोलण्याची सवय उपयोगी पडते. ती पु. लं.ना पार्ल्याच्या कट्ट्यांवर, गाण्याच्या मैफिलींत, महाविद्यालयांच्या वर्गांत मिळाली होती. उत्तम निवेदक तो, ज्याला स्वतःच्या आवाजापेक्षा दुसऱ्याच्या उत्तरात अधिक रस असतो. पु. लं.ची सारी व्यक्तिचित्रे याची साक्ष देतात. अंतू बर्वा, नारायण, हरितात्या, चितळे मास्तर, सखाराम गटणे यांच्यापैकी प्रत्येकाला लेखकाने आधी मनापासून ऐकले आहे आणि मग शब्दांत उतरवले आहे.

अशा नव्या, मानाच्या आणि भविष्य असलेल्या माध्यमात पहिली खुर्ची मिळाल्यावर कोणीही तेथेच स्थिरावला असता. पु. ल. स्थिरावले नाहीत. दिल्लीची नोकरी सोडून ते महाराष्ट्रात परतले आणि १९६१ मध्ये एकटेच रंगमंचावर उभे राहिले. आजचा विनोदी कलावंत लहान मंचावरून पडद्याकडे जातो, पु. ल. पडद्याकडून मंचाकडे आले. त्यांच्या चरित्राचा खरा अर्थ या उलट्या प्रवासात आहे.

चाळ रंगमंचावर

'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. गिरगावातली एक काल्पनिक चाळ, तिच्यातली बिऱ्हाडे, त्यांची भांडणे, त्यांचे उपास, भ्रमण मंडळे, गच्चीसाठीची चळवळ आणि सांस्कृतिक शिष्टमंडळ असा तो सारा प्रपंच. या पुस्तकाचे एकपात्री प्रयोग सुरू झाले, तेव्हा मराठी प्रेक्षकांनी कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. रंगमंचावर एकच माणूस होता आणि तरीही ती चाळ माणसांनी भरून वाहत होती. पठारे प्रभूंची मुंबई मराठी, कोकणी हेल, पुणेरी ठसका, गुजराती वळणाची मराठी हे सारे एका कंठातून उमटत होते. वेशांतर नव्हते, देखाव्यांचा बडेजाव नव्हता. सोबत होती ती भाषेची जाण आणि माणसांवरचे प्रेम.

त्यानंतर 'असा मी असामी', 'वाऱ्यावरची वरात', 'वटवट' अशा कार्यक्रमांनी सभागृहे भरू लागली. तिकिटांसाठी रांगा लागत. प्रयोग वेळेवर सुरू झालाच पाहिजे, हिशेब पैशापैशाचा लागलाच पाहिजे, मान्य केलेल्या अटी आयोजकांनी पाळल्याच पाहिजेत, हा सुनीताबाईंचा दंडक होता. त्यावरून त्यांच्याविषयी कुरकुरही झाली. पण कलेच्या क्षेत्रातही व्यवहार स्वच्छ असू शकतो, हा धडा त्या शिस्तीने महाराष्ट्राला दिला. कार्यक्रम भरात असताना, मागणी ओसरण्याची वाट न पाहता, हे दांपत्य ते बंद करत असे.

पु. लं.च्या विनोदाचे एक लक्षण येथे सांगितले पाहिजे. 'असा मी असामी'चा धोंडो भिकाजी जोशी हा कचेरीतला साधा कारकून आहे. बदलत्या काळात गोंधळणारा, नव्या चालीरीतींपुढे बावरणारा. लेखक त्याला हसतो, पण त्याच्यावर हसत नाही. 'बटाट्याची चाळ'चा शेवट तर हास्याने होतच नाही. 'चिंतन' या अखेरच्या प्रकरणात चाळ स्वतःच बोलू लागते. एकत्र राहण्याचे एक पर्व संपत आल्याची हुरहूर तीत आहे. तासन्‌तास हसलेले प्रेक्षक डोळे पुसत उठत. हसवून झाल्यावर अंतर्मुख करणे, ही त्या विनोदाची पूर्तता होती.

मिळवले आणि वाटले

प्रयोगांतून आणि पुस्तकांतून पैसा येऊ लागला, तेव्हा त्याचे काय करावे हा प्रश्न या दांपत्याने फार लवकर सोडवला. १९६५ मध्ये पु. ल. देशपांडे फाउंडेशन स्थापन झाले आणि मिळकतीचा मोठा भाग त्यातून समाजकार्याकडे वळू लागला. बाबा आमटे यांच्या आनंदवनाशी त्यांचा स्नेह जन्मभराचा होता. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे केंद्र सुरू केले, त्यामागे पु. लं.ची देणगी आणि आग्रह होता. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाशी असलेले ऋणानुबंधही त्यांनी कधी सैल होऊ दिले नाहीत. स्वतःची राहणी मात्र साधीच राहिली. आपल्या परंपरेत ज्याला उत्तम व्यवहारे धन जोडणे आणि उदास विचारे वेचणे म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

विनोदाचा कणा

विनोदकाराची खरी परीक्षा हशा पिकतो तेव्हा होत नाही. हसण्यास बंदी असते तेव्हा होते. १९७५ च्या जूनमध्ये देशावर आणीबाणी लादली गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा पहारा बसला, हजारो कार्यकर्ते कारागृहांत गेले. १९७४ च्या इचलकरंजी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पु. लं.नी भूषवले होते. त्यानंतरच्या कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याचा जागर केला. १९७७ च्या निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा पु. ल. जनता पक्षाच्या प्रचारासाठी सभांतून बोलू लागले. आयुष्यभर राजकारणापासून दूर राहिलेला, घराघरांत लाडका असलेला हा लेखक व्यासपीठावर उभा राहून हुकूमशाहीची खिल्ली उडवू लागला, तेव्हा भीतीने मिटलेली तोंडे उघडली. जयप्रकाशांच्या तुरुंगातील रोजनिशीचा मराठी अनुवादही त्यांनी केला.

निवडणूक संपली, सत्तापालट झाला. ज्यांच्यासाठी सभा घेतल्या त्यांच्याकडे कोणतेही पद न मागता पु. ल. आपल्या लेखनाकडे आणि नाटकाकडे परतले. १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आला. सत्तेपासून ठेवलेले हे अंतर एकाच पक्षापुरते नव्हते, याचा प्रत्यय पुढे आला. १९९६ मध्ये राज्यातील शिवसेना-भाजप युती शासनाने सुरू केलेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराचे पहिले मानकरी म्हणून त्यांची निवड झाली. पुरस्कार स्वीकारतानाही सत्ताधाऱ्यांच्या भाषेविषयी आणि रीतीविषयीची नाराजी त्यांनी लपवली नाही. त्यावर शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्यावर जाहीर आणि झोंबरी टीका केली. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आणीबाणीत त्यांच्या स्पष्टवक्तेपणाचे ज्यांनी स्वागत केले, त्यांना तोच स्पष्टवक्तेपणा आपल्या वाट्याला आल्यावर नाकारता येणार नाही. निर्भयतेचे मोल आपल्याला ती बोचते तेव्हाच कळते.

त्याच महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा एक सोहळा १६ एप्रिल २०२३ रोजी याच खारघरच्या मैदानावर झाला. ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांचा त्यात गौरव झाला, आणि भर उन्हात लोटलेल्या जनसागरातील काही श्रीसदस्यांना उष्माघाताने प्राण गमवावे लागले. त्या दुःखद आठवणीने खारघर आणि हा पुरस्कार कायमचे जोडले गेले आहेत. पुरस्काराच्या यादीतले पहिले नाव पु. लं.चे आहे, हेही येथील नव्या पिढीला ठाऊक असावे.

आजचे हास्य आणि आपले उत्तरदायित्व

मराठी विनोद आज मंदावलेला नाही. डॉ. नीलेश साबळे या आयुर्वेदाच्या पदवीधराने सूत्रसंचालन केलेला 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम २०१४ पासून जवळजवळ दहा वर्षे घराघरांत पाहिला गेला. २०१८ पासूनच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ने समीर चौघुले यांच्यासारखे कसदार नट लोकप्रिय केले. मराठीत एकट्याने उभे राहून विनोद सांगणारे तरुण-तरुणीही पुढे येत आहेत. हे सारे स्वागतार्ह आहे. पण याच माध्यमांच्या महाजालावरील शाखेत, २०२५ च्या फेब्रुवारीत, आई-वडिलांविषयीच्या एका अश्लील प्रश्नावरून देशभर संताप उसळला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. असे घडले की एक बाजू बंदी मागते आणि दुसरी स्वातंत्र्याची ढाल पुढे करते. पु. लं.च्या चरित्रात या दोहोंपलीकडचे उत्तर आहे. स्वातंत्र्यासाठी ते उभे राहिले ते किंमत मोजण्याच्या तयारीने. आणि रंगमंचावर काय बोलू नये, हे त्यांना कोणत्याही सेन्सॉरने सांगावे लागले नाही. ती मर्यादा संस्कारांतून आलेली होती, म्हणून तिचा जाच वाटला नाही.

त्यांना पद्मश्री, पद्मभूषण, साहित्य अकादमी आणि संगीत नाटक अकादमीचे सन्मान लाभले. अखेरच्या वर्षांत कंपवाताने हात थरथरू लागला, लेखणी थांबली. १२ जून २००० रोजी, विवाहाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांनी देह ठेवला. ध्वनिफितींतला त्यांचा आवाज मात्र आजही मराठी घरांत, दूरच्या प्रवासांत आणि परदेशी वसलेल्या कुटुंबांतही सोबत करतो.

गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी सोडून अनेक कुटुंबे पनवेलच्या परिसरात येऊन राहिली आहेत. सोसायट्या उंच झाल्या, उद्वाहने आली, २०२३ मध्ये मेट्रोही धावू लागली. चाळीची सामाईक गॅलरी तेवढी आली नाही. नाटक पाहण्यासाठी येथील रसिक पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जातात आणि रात्री परतून आपापली दारे लावून घेतात. ज्या एकत्र राहण्याच्या सरत्या पर्वासाठी पु. लं.ची चाळ हळहळली, ते विटामातीच्या चाळीशिवायही पुन्हा उभे करता येते. पार्लेकरांनी शंभर वर्षांपूर्वी ते करून दाखवले. त्यासाठी लागते ते सोसायटीच्या सभागृहात महिन्यातून एक संध्याकाळ, एक छोटे ग्रंथालय, लहान मुलांना बोलू देणारे एक व्यासपीठ आणि त्यांचे बोलणे ऐकून मनमोकळे हसणारे शेजारी. तेवढे सिद्ध झाले, तर उद्याचा पु. ल. कोठून येणार ही चिंता करण्याचे कारण उरणार नाही. तो कदाचित याच वसाहतीतल्या एखाद्या जिन्यावर बसून आज शेजाऱ्यांच्या लकबी टिपत असेल.